भेग बुजली, पण जोड बसला का?

नाशिकला समुद्र नाही, पण होड्यांशी या शहराचा संबंध वाढतो आहे. गंगापूर धरणाच्या काठी महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचा बोट क्लब आहे. गोदावरीला पूर आला की बचावपथकांच्या बोटी रामकुंडाच्या परिसरात उतरतात. ऑगस्ट २०१९ मध्ये तिथला दुतोंड्या मारुतीचा पुतळा पाण्याखाली गेला तेव्हाचे चित्र अजून अनेकांच्या डोळ्यांसमोर असेल. २०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ कुंभमेळा ऐन पावसाळ्यात भरेल आणि नदीकाठी गर्दी असेल तितके दिवस सुरक्षेच्या बोटी पाण्यात ठेवाव्या लागतील. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीच्या दत्तू भोकनळने २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये रोइंगमध्ये भारताचे प्रतिनिधित्व केले, तेव्हापासून या दुष्काळी पट्ट्यातही वल्ह्याचे नाव निघू लागले. यांतल्या रबरी फुगवायच्या बोटी सोडल्या तर उरलेल्या बहुतेक होड्या एकाच द्रव्याच्या असतात. काचेचे धागे आणि रेझिन यांचे ते द्रव्य, ज्याला आपण सरसकट फायबर म्हणतो. ही होडी फुटली, तडकली, तिच्या बुडाला फोड आले, तर ती दुरुस्त झाली हे ठरवायचे कशावरून? आज ते बहुधा डोळ्यांनी ठरते. भेग दिसत नाही, रंग जुळला आहे, पाणी आत येत नाही, म्हणजे काम झाले. माझे म्हणणे असे की फायबरच्या बाबतीत ही कसोटी चुकीची आणि धोक्याची आहे. इथे दुरुस्तीचा दर्जा तयार झालेल्या पृष्ठभागावरून कळत नाही, तो फक्त काम कसे झाले याच्या नोंदीवरून कळतो. ज्या होडीत पैसे घेऊन माणसे बसवली जातात किंवा जी माणसे वाचवायला पाठवली जाते, तिच्या प्रत्येक दुरुस्तीची अशी नोंद असलीच पाहिजे.

लाकडी होडीच्या काळात हा प्रश्न इतका बिकट नव्हता. कुजलेली फळी दिसायची, सुतार ती काढून नवी बसवायचा, खिळे कुठे मारले, फटीत कापूस आणि राळ कुठे भरली, हे दुसऱ्या सुताराला नंतरही वाचता यायचे. सांध्यांचीच ती वस्तू होती आणि सांधे उघडे होते. १९४२ च्या सुमारास अमेरिकेतील ओहायो राज्यात रे ग्रीन यांनी पॉलिएस्टर रेझिन आणि काचेच्या धाग्यांपासून छोटी शिडाची होडी तयार केली आणि पुढच्या काही दशकांत जगभरातील लहान होड्यांची बांधणी बदलून गेली. साच्यात आधी जेलकोटचा जेमतेम अर्धा मिलिमीटरचा चकचकीत थर, त्यावर मॅट (धाग्यांच्या तुकड्यांचे कापड), त्यावर रोव्हिंग (जाड धाग्यांचे विणलेले कापड), पुन्हा मॅट, प्रत्येक थर रेझिनने भिजवून रोलरने हवा काढलेला. साच्यातून निघते ते अखंड कवच. त्याला सांधा नाही, गळती नाही, वाळवी नाही, गंज नाही. कोकण किनाऱ्यावरील मच्छीमारांनी आणि नंतर धरणांवरच्या बोट क्लबांनी हे द्रव्य स्वीकारले ते याच गुणांमुळे, आणि त्यात काही चूक नव्हती. मात्र अखंडपणा हाच ज्याच्या ताकदीचा पाया, ते कवच एकदा तुटले की त्याला पहिल्यांदाच सांधा मिळतो, आणि तो सांधा रंगाखाली पूर्ण लपतो.

तुटते नेमके काय, हे समजून घेतले की बाकीचे आपोआप उलगडते. फायबरच्या भिंतीत ओढ सहन करतात ते काचेचे धागे. रेझिन त्यांना जागच्या जागी धरते आणि एका धाग्यावरचा भार शेजारच्या धाग्याकडे पोचवते. भेग पडली म्हणजे त्या रेषेवरचे धागे तुटले. ते पुन्हा जोडता येत नाहीत, कोणत्याही गोंदाने नाही, कोणत्याही पुट्टीने नाही. मग भार भेगेच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जायचा तर त्याने जुन्या धाग्यांतून नव्या थरात उतरायचे, नव्या थरातून भेग ओलांडायची आणि पलीकडे पुन्हा जुन्या धाग्यांत शिरायचे. ही दोन्ही संक्रमणे रेझिनच्या पातळ पापुद्र्यातून होतात आणि त्या पापुद्र्याची ताकद धाग्यांच्या मानाने फार कमी असते. म्हणून त्याला क्षेत्र द्यावे लागते. होडीच्या संरचनात्मक दुरुस्तीत सर्वसाधारण प्रमाण बारास एक असे धरतात. भिंत ६ मिलिमीटर जाडीची असेल तर भोकाच्या कडेपासून सर्व बाजूंनी ७२ मिलिमीटरपर्यंत जुने फायबर उतरत्या कडेने घासून काढायचे आणि त्या उतारावर एकेक थर बसवायचा. १० सेंटिमीटरच्या भोकासाठी दुरुस्तीचे वर्तुळ २४ सेंटिमीटरहून मोठे होते. विमानांच्या बाबतीत हाच उतार याहून बराच लांब ठेवतात. आपल्याकडे मात्र उलटे घडण्याचा मोह असतो: भेग जितकी बारीक, तितके काम बारीक. भेगेत पुट्टी भरायची, घासायची, वर रंग. पुट्टीत सलग धागा नसतो. ती फट भरते, भार नेत नाही. अशी होडी पाण्यात उतरवली की पाणी आत येत नाही, आणि पाणी येत नाही म्हणून दुरुस्ती चांगली झाली असे सगळ्यांना वाटते. भार मात्र भेगेच्या दोन टोकांशी साचत राहतो आणि इंजिनाच्या प्रत्येक धक्क्यासरशी भेग पुट्टीच्या आडून पुढे सरकते.

उतार नीट घासला तरी रसायनाचा भाग उरतोच, आणि मला वाटते इथेच चांगल्या हाताच्या कारागिरालाही लेखी मार्गदर्शन लागते. साच्यात ओल्या थरावर ओला थर पडतो तेव्हा रेझिन एकमेकांत मिसळून एकजीव होते. जुन्या, वर्षानुवर्षे पक्क्या झालेल्या पॉलिएस्टरवर नवे पॉलिएस्टर चढवले तर तसे रासायनिक मीलन जवळपास होत नाही. नवा थर जुन्याच्या खडबडीत पृष्ठभागाला धरून बसतो, इतकेच. म्हणून महत्त्वाच्या जोडांसाठी एपॉक्सी पसंत करतात, त्याची पकड जास्त घट्ट असते. पण एपॉक्सी घेतले की कापडही बदलावे लागते. बाजारात सहज मिळणाऱ्या मॅटमधले तुकडे ज्या चिकटद्रव्याने एकत्र धरलेले असतात ते पॉलिएस्टरमधल्या स्टायरीन या द्रावकात विरघळते; एपॉक्सीत स्टायरीन नसते, त्यामुळे मॅट नीट भिजत नाही, कडकच राहते. तिथे शिवलेले किंवा विणलेले कापडच हवे. शिवाय एपॉक्सीवर पॉलिएस्टरचा जेलकोट भरवशाने पक्का होत नाही. पॉलिएस्टरचे आपले स्वतःचे पथ्य आहे. रेझिन पक्के करणाऱ्या कॅटॅलिस्टचे प्रमाण साधारण एक ते दोन टक्के, आणि ते पक्के होणे वेगाने घडवणारे कोबाल्ट व कॅटॅलिस्ट कधीही थेट एकत्र करायचे नाहीत, कारण त्यांची अभिक्रिया स्फोटक असते. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचे, कॅटॅलिस्ट नंतर. हवामानाचाही हिशेब आहे. निफाड परिसरात थंडीत पारा किती खाली जातो हे नाशिक जिल्ह्याला सांगायला नको; अशा सकाळी लावलेले रेझिन हाताला कडक लागले तरी आतून अर्धेकच्चे राहू शकते. हे सगळे चुकले काय आणि बरोबर झाले काय, वरून रंग दिल्यावर दोन्ही होड्या सारख्याच दिसतात.

पृष्ठभागावर विसंबण्याची किंमत किती असू शकते याचे एक नीट तपासलेले उदाहरण आहे. मे २०१४ मध्ये 'चीकी राफिकी' ही फायबरची शिडाची नौका अँटिग्वाहून इंग्लंडकडे परतताना अटलांटिकमध्ये उलटली आणि तिच्यावरील चारही जणांचा अंत झाला. तिच्या बुडाखालचा जड कील निखळला होता. ब्रिटनच्या सागरी अपघात अन्वेषण शाखेने पुढच्या वर्षी अहवाल दिला. या नौकेचे बूड आणि आतली आधाराची चौकट ही दोन स्वतंत्र फायबरची अंगे एकमेकांना चिकटवलेली होती. नौका पूर्वी अनेकदा तळाला घासली, आपटली होती आणि तिच्या चौकटीची दुरुस्तीही झाली होती. ते आघात आणि त्या दुरुस्त्या यांच्या एकत्रित परिणामाने कील जिथे बसतो तिथली संरचना कमकुवत झाली असण्याची शक्यता अहवालात नोंदवली गेली. अशा चौकटीचा बंध सुटलेला ओळखणे किती अवघड असते, हाही त्या अहवालातला महत्त्वाचा भाग होता. ब्रिटन हा देश नौकानयनात मुरलेला, तिथे पाहणी करणारे प्रशिक्षित लोक आहेत. तरीही शंका उरली, कारण चिकटवलेल्या दोन थरांमधली जागा डोळ्यांना दिसत नाही.

पहिला आक्षेप इथेच येईल. कुठे अटलांटिक आणि कुठे गंगापूर? धरणाच्या संथ पाण्यातल्या होडीला हे निकष कशाला? लाटांच्या बाबतीत आक्षेप बरोबर आहे, पाण्याच्या बाबतीत मात्र वस्तुस्थिती उलट आहे. फायबर पूर्ण जलरोधक नसते. जेलकोटमधून पाण्याचे रेणू सावकाश आत शिरतात, आतल्या शिल्लक विद्राव्य द्रव्यांत मिसळतात आणि तिथे आंबट वासाचा दाट द्रव तयार होतो. बाहेरचे पाणी जितके शुद्ध, तितकी आत शिरण्याची ओढ जास्त, हा परासरणाचा नियम आहे. खाऱ्या पाण्यापेक्षा गोड्या पाण्यात, आणि थंड पाण्यापेक्षा कोमट पाण्यात फायबरला फोड लवकर येतात ते यामुळेच. म्हणजे धरणात वर्षभर उभी असलेली होडी या एका बाबतीत समुद्रातल्या होडीहून जास्त सोसते. प्रत्येक फोड घातक नसतो, दोनचार फोडांनी होडी बुडत नाही, हेही सांगितले पाहिजे. पण ओल धरलेल्या फायबरवर दुरुस्तीचा थर चढवला तर तो टिकत नाही, आणि ओल बाहेरून दिसत नाही. दुसरे, धरणाची पातळी बदलती असते. उन्हाळ्यात पाणी उतरले की दिवाळीत खोल असलेल्या जागी खडक वर येतात आणि इथला खडक बेसॉल्टचा, दया न करणारा. तिसरे, आउटबोर्ड इंजिन ज्या मागच्या भिंतीवर टांगलेले असते तिच्या पोटात बहुधा प्लायवूड असते. बोल्टच्या भोकातून पाणी शिरले की ते आतल्या आत कुजते आणि बाहेरचे फायबर मात्र नवेकोरे राहते. छोट्या हातोडीने ठोकून पाहिले तर भरीव जागी टणक आणि पोकळ जागी बद्द आवाज येतो. ही तपासणी जवळपास फुकट आहे आणि तरीही ती नियमाने होत नसेल तर त्याला संथ पाण्याचे कारण चालणार नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि त्याला मी पूर्ण मान देतो. महाराष्ट्रात नद्या-जलाशयांत अलीकडे झालेल्या दोन ठळक दुर्घटना होडीचे बूड फुटल्यामुळे झालेल्या नाहीत. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे कृष्णेच्या पुरात बोट उलटली ती क्षमतेपेक्षा जास्त माणसे बसल्यामुळे. मे २०२४ मध्ये उजनी जलाशयात कळाशी-कुगाव दरम्यान प्रवासी बोट उलटून सहा जणांचा मृत्यू झाला तो वादळी वाऱ्यात. लाइफ जॅकेट, मर्यादित माणसे, वाऱ्याचा अंदाज: आधी हे करा, थरांचे गणित नंतर, असे कोणी म्हटले तर क्रम योग्यच आहे. मात्र बुडाचा आणि उलटण्याचा संबंध नाही हे म्हणणे टिकत नाही. लाकूड पाण्यावर तरंगते. फायबरचे लॅमिनेट पाण्याच्या सुमारे दीडपट जड असते, ते स्वतः तरंगत नाही. फायबरची छोटी होडी पाण्याने भरल्यावरही वर राहते ती तिच्यातल्या बंद कप्प्यांमुळे, फोममुळे. त्या कप्प्यांच्या भिंती तडकल्या, आतल्या आधाराच्या पट्ट्या बुडापासून सुटल्या, फोमने पाणी धरले, तर होडी रोजच्या फेरीत व्यवस्थित चालते आणि नेमकी ज्या दिवशी पाणी आत येते त्या दिवशी तिचा तरंगण्याचा आधार नाहीसा झालेला असतो. शिवाय फोममध्ये मुरलेले पाणी होडीत कायमचे वजन होऊन बसते. दहा जणांची क्षमता लिहिलेल्या होडीत काही माणसांचे वजन आधीच चढलेले असते. जादा भार आणि जुनी, लपलेली नादुरुस्ती हे दोन वेगळे धोके नाहीत.

तिसरा प्रश्न माणसांचा. समुद्रापासून दूर असलेल्या नाशिकमध्ये हे काम जाणणारे आहेत कुठे? मला वाटते या बाबतीत नाशिक स्वतःला कमी लेखते. ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात साठच्या दशकापासून लढाऊ विमाने तयार होत आहेत, सुखोईची बांधणी आणि दुरुस्ती तिथे झाली, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये तेजस या लढाऊ विमानाच्या नव्या उत्पादन साखळीचे तिथे उद्घाटन झाले. तेजसच्या सांगाड्याचा वजनाने जवळपास निम्मा भाग संमिश्र द्रव्यांचा, म्हणजे धागा आणि रेझिन यांचाच आहे. तिथला धागा बहुतांशी कार्बनचा आणि शिस्त फार कडक, पण तत्त्व तेच. शेजारच्या धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात. पवनचक्कीची पाती काचेच्या धाग्यांची असतात, वीज पडून किंवा वाऱ्यातल्या धुळीने त्यांना इजा होते, आणि त्यांची दुरुस्ती करणारा तंत्रज्ञ दोरावर लटकून नेमके हेच करतो: खराब भाग काढणे, उतार घासणे, थर मोजून बसवणे, आणि शेवटी कोणता थर, कोणते रेझिन, किती तापमान, हे लिहून सही करणे. हे ज्ञान नाशिकच्या परिघात आहे. ते होडीपर्यंत आलेले नाही, कारण होडीच्या दुरुस्तीला आपण रंगकामाच्या रांगेत बसवले आहे.

नीट बांधलेली आणि नीट निगा राखलेली फायबरची नौका काय सोसू शकते हे पाहायचे तर दिवाडी बेटाकडे पाहावे. गोव्यात मांडवीच्या पात्रातील या बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात 'म्हादेई' तयार झाली आणि फेब्रुवारी २००९ मध्ये नौदलात दाखल झाली. ५६ फुटांची ही नौका डच आराखड्यावर, सिडर लाकडाच्या पट्ट्यांच्या गाभ्यावर काचेचे कापड आणि एपॉक्सी चढवून घडवलेली. २००९-१० मध्ये कमांडर दिलीप दोंदे यांनी तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, वाटेत चार मुक्काम घेत. २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी त्याच नौकेतून एकट्याने आणि न थांबता तीच प्रदक्षिणा पुरी केली. तिची धाकटी बहीण 'तारिणी' २०१७-१८ मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांना आणि २०२४-२५ मध्ये दिलना के. आणि रूपा ए. या दोन अधिकाऱ्यांना घेऊन जगाला फेरी घालून आली. या दोन नौकांनी केप हॉर्नचे दक्षिणी समुद्र पुन्हा पुन्हा पाहिले. एका मोहिमेहून परतलेले कवच पुढच्या मोहिमेला पाठवायचे तर त्याचा प्रत्येक हातभर भाग माहीत असावा लागतो, आणि ज्यांनी बांधले त्यांच्या आवाक्यात ते असले तर हे सोपे होते. भारतीय कारागीर, भारतीय कारखाना, आपलेच दमट हवामान. म्हणजे आपल्याकडे जमत नाही हे कारण आता कोणी देऊ नये.

मग नोंदीने कारागिरावर अविश्वास दाखवल्यासारखे होत नाही का? सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींत किंवा कोकणच्या एखाद्या बंदरात वीस वर्षे फायबर चढवणाऱ्या मिस्त्रीला रेझिन केव्हा धरणार हे हाताला कळते. त्याच्यासमोर कागद धरणे अपमानाचे वाटू शकते. माझ्या मते सगळ्यात जास्त संरक्षण नोंदीने मिळते ते त्यालाच. आज अपघात झाला तर चांगले काम केलेला आणि पुट्टी भरून मोकळा झालेला, दोघांनाही स्वतःची बाजू मांडायला काही पुरावा नसतो. पैसे पृष्ठभाग पाहून दिले जातात, त्यामुळे ७२ मिलिमीटरचा उतार घासणाऱ्याचा वेळ आणि धूळ फुकट जाते आणि तो पुढच्या वेळी दरात मागे पडतो. त्याच्या फुप्फुसांचाही प्रश्न आहे. काचेची धूळ आणि स्टायरीनची वाफ यांच्यात मुखवट्याशिवाय तासन्‌तास काम करायला लावणारी दुरुस्ती स्वस्त दिसते, कारण तिचा खर्च दुसऱ्याच्या छातीवर टाकलेला असतो. लिहायचे तरी किती? भेगेचे ठिकाण आणि माप, घासल्यावरचा आणि प्रत्येक थरानंतरचा फोटो, ओलाव्याचे मोजमाप, कापडाचे वजन आणि दिशा, रेझिनचा प्रकार आणि मिश्रण, त्या दिवशीचे तापमान, करणाऱ्याचे नाव. एक पान आणि मोबाइलमधले काही फोटो. संसदेने २०२१ मध्ये १९१७ चा जुना कायदा बाजूला ठेवून नवा अंतर्देशीय नौका कायदा केला. त्यात यांत्रिक नौकांची नोंदणी आणि पाहणी आहे. पाहणी करणाऱ्याच्या हाती असे पान दिले तर त्याची पाहणी बाह्यरंगाच्या पलीकडे जाऊ शकते. न दिले तर कायदा कितीही चांगला असो, त्यालाही रंगच दिसणार.

खर्चाचे म्हणाल तर जुनी होडी टाकून नवी घेणे सोपे वाटते, विशेषतः पैसे सरकारी असले की. पण फायबर वितळवून पुन्हा ओतता येत नाही, पक्के झालेले रेझिन कायमचे पक्के. टाकलेली होडी काठावर वर्षानुवर्षे पडून राहते, आणि गंगापूरचे पाणी नाशिक पिते, तिथे उघड्यावर तिचा भुगा होऊ देणे कोणाच्याच हिताचे नाही. याच कारणाने दुरुस्तीही काठावर न होता बंद शेडमध्ये, धूळ गोळा करूनच झाली पाहिजे. त्यासाठी इथले ऋतुचक्र फार अनुकूल आहे. कोकणातल्या कारागिराला हवेतल्या दमटपणाशी वर्षभर झुंजावे लागते. नाशिकची नोव्हेंबर ते फेब्रुवारीची कोरडी हवा ओल धरलेल्या फायबरला सुकवायला उत्तम असते. या महिन्यांत होड्या बाहेर काढून, खराब जेलकोट उतरवून, बुडाला नीट आधार देऊन वाळवाव्यात, हातोडीने ठोकून पोकळ जागांचा नकाशा करावा. मार्च उजाडला, रात्री उबदार झाल्या की थर चढवावेत, मेमध्ये भार लावून आणि पाणी भरून तपासाव्यात. सिंहस्थाच्या पावसाळ्यात ज्या होड्या गोदावरीत उतरवायच्या आहेत त्यांच्यासाठी हे काम २०२७ च्या मे महिन्यापर्यंत संपलेले आणि प्रत्येक होडीचे पान तिच्या नोंदणी क्रमांकासह बचावपथकाच्या हाती पोचलेले असायला हवे.